रात्रीच्या कामांची यादी

श्रोतेहो, ज्या मनुष्यानें छत्तीस वर्षें शाळेंत हजेरी घेतली, त्याला यादी या वस्तूविषयीं बोलावयास सांगितलें तर विषयाची वाण पडण्याचें कारण नाहीं. परंतु आज मीं जी यादी निवडली आहे ती मुलांची नव्हे, कीं वाण्याच्या सामानाचीही नव्हे. भाड्यानें घेतलेल्या दूरच्या संगणकांवर रात्रीं आपोआप चालणाऱ्या कामांची ती यादी आहे. ज्याला सर्वत्र 'क्लाउड' म्हणतात त्या मेघांत, यंत्राला उदाहरणांवरून शिकविण्याच्या विद्येचीं जीं कामें गठ्ठ्यागठ्ठ्यांनीं चालतात, त्यांची यादी कशी मागवावी, ती कशी चाळावी, आणि चाळतां चाळतां शहाणीं माणसेंही कशीं फसतात, एवढाच आजचा विषय. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलेला नाहीं. हें सर्व मला माझ्या धाकट्या मुलीनें शिकविलें, आणि तीन वेळां न समजल्याबद्दल तिनें मला बांकावर उभें केलें नाहीं, हा तिचा चांगुलपणा.

'मेघ' हा शब्द प्रथमच बाजूला सारला पाहिजे, कारण तो फसवा आहे. त्यांत तरंगणारें कांहीं नाहीं. मोठमोठ्या इमारतींत हजारों संगणक रांगेनें मांडलेले असतात, त्यांना गार ठेवण्यासाठीं रात्रंदिवस खटाटोप चाललेला असतो, आणि त्यांतील हवा तेवढा भाग आपण हव्या तेवढ्या वेळापुरता भाड्यानें घेतों. ॲमेझॉन कंपनीनें आपल्या या सेवेचा मुंबई-विभाग २०१६ च्या जूनमध्यें उघडला आणि हैदराबादचा २०२२ च्या नोव्हेंबरमध्यें. हे दोन विभाग श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावेत; पुढें त्यांच्याशीं गांठ पडणार आहे.

आतां यंत्राच्या शिकण्याविषयीं. येथें यंत्राला नियम सांगत नाहींत, उदाहरणें दाखवितात. २०१६ सालीं अमेरिकन वैद्यकसंघाच्या नियतकालिकांत गूगलच्या संशोधकांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. मधुमेहानें डोळ्याच्या पडद्यास होणारा विकार छायाचित्रावरून ओळखण्यास त्यांनीं यंत्रास शिकविलें होतें. त्यासाठीं १,२८,१७५ छायाचित्रें वापरलीं, आणि त्यांवर ५४ नेत्रवैद्यांच्या व त्या विषयाच्या ज्येष्ठ विद्यार्थ्यांच्या मंडळानें आपला अभिप्राय नोंदविला होता. कांहीं छायाचित्रें आपल्या देशांतील नेत्ररुग्णालयांतून गेलेलीं होतीं. असें शिकून तयार झालेलें जें गणिताचें यंत्र, त्याला 'मॉडेल' म्हणतात. एकदां तें तयार झालें म्हणजे नवें छायाचित्र त्याच्यापुढें धरावें आणि त्याचें मत घ्यावें.

तें मत घेण्याच्या दोन तऱ्हा आहेत, आणि स्वयंपाकघरांतील मंडळींना त्या माझ्यापेक्षां अधिक चांगल्या समजतील. पाहुणा आला कीं त्याच्यापुरत्या दोन पुऱ्या लाटून तळून वाढावयाच्या, ही एक तऱ्हा. तिच्यासाठीं चूल सदैव पेटती ठेवावी लागते. दुसरी तऱ्हा दिवाळीच्या चकल्यांची. सगळें पीठ भिजवून घेतलें, कढई चढविली, आणि घाण्यामागून घाणा काढून चूल विझविली. या दुसऱ्या तऱ्हेस संगणकाच्या भाषेंत 'बॅच' म्हणतात, आणि एका वेळीं सोंपविलेल्या अशा एका कामास 'जॉब'. तेल तापवावयाचें भाडें घड्याळाप्रमाणें द्यावें लागत असेल तर घाण्याची तऱ्हा स्वस्त पडते, हें सांगावयास नको.

ही रीत कांहीं नवी नाहीं. १९६४ सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत 'सीडीसी ३६००' हा मोठा संगणक आला, तेव्हांही भोंकें पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा खिडकीवर द्यावयाचा आणि पाळी लागून काम झालें म्हणजे छापील कागद घेऊन जावयाचे, असाच प्रघात होता. फरक इतकाच कीं, त्या खिडकीमागें मनुष्य बसलेला असे. त्याला विचारलें तर तो सांगे, 'तुमचें काम अडलें आहे.' आज खिडकीमागें कोणी नाहीं. आज विचारावयाचें तें यादीला.

ॲमेझॉनच्या यंत्रशिक्षणाच्या सेवेचेंच उदाहरण घेतों. २०१७ सालीं ती 'सेजमेकर' या नांवानें निघाली आणि २०२४ च्या डिसेंबरपासून तिला 'सेजमेकर ए-आय' म्हणतात. तिच्यांतील गठ्ठ्याच्या कामास 'बॅच ट्रान्सफॉर्म' असें नांव आहे. अशा कामांची यादी मागितली म्हणजे प्रत्येक कामाची एक ओळ येते: कामाचें नांव, तें केव्हां निर्माण झालें, केव्हां संपलें, शेवटचा बदल केव्हां झाला आणि त्याची सध्याची स्थिति काय. स्थिति पांच प्रकारची: चालू, पूर्ण, फसलेलें, थांबण्याच्या मार्गावर असलेलें आणि थांबविलेलें. कामाचा सविस्तर वृत्तांत या ओळींत नसतो. तो हवा असल्यास त्या एका कामाचें नांव घेऊन निराळा प्रश्न विचारावा लागतो. हजेरीपटावर मुलाचें नांव असतें, त्याची प्रगतिपुस्तिका नसते, तसेंच हें.

एखाद्या मोठ्या कचेरींत अशीं कामें दिवसाला शेंकड्यांनीं निघतात, म्हणून सगळी यादी वाचीत बसणें शक्य नसतें. येथें चाळणी उपयोगी पडते. अमुक क्षणानंतर निर्माण झालेलीं, तमुक क्षणापूर्वीं निर्माण झालेलीं, नांवांत अमुक अक्षरें असलेलीं, अमुक स्थितींतील, अशा अटी घालतां येतात, आणि त्या एकत्रही घालतां येतात. यादी नांवानुसार, काळानुसार किंवा स्थितीनुसार लावून मिळते. कांहींच न सांगितल्यास ती निर्माणकाळानुसार लागते आणि सर्वांत नवें काम सर्वांत वर असतें.

पण स्थितीची चाळणी एका वेळीं एकच स्थिति घेते, ही बारीक गोष्ट विसरूं नये. 'फसलेलीं' मागितलीं तर कोणीं हातानें थांबविलेलीं कामें त्यांत येत नाहींत. दोन्ही हवीं असतील तर दोन याद्या मागवाव्यात. तीच गोष्ट विभागाची. मुंबई-विभागांत मागितलेली यादी हैदराबाद-विभागांतील कामांबद्दल एक अक्षर बोलत नाहीं. तिला तें ठाऊकच नसतें. एका वर्गाच्या हजेरीपटांत शेजारच्या तुकडीचीं मुलें शोधून 'मुलगा हरवला' म्हणून ओरडणारे पालक मीं पाहिले आहेत, त्यांची येथें आठवण होते.

आणखी एक बाब पानांची. यादी लांब असेल तर ती एकदम येत नाहीं. न सांगतां दहा ओळी येतात, सांगितल्यास शंभरपर्यंत. पुढें आणखी असेल तर यादीबरोबर एक टोकन मिळतें. तें टोकन परत दिलें म्हणजे पुढचें पान. जेव्हां टोकन येणें बंद होतें तेव्हांच यादी संपली असें समजावें. बँकेंत पितळेचें टोकन हातांत घेऊन बसण्याची संवय असलेल्या आमच्या पिढीला हें समजावयास जड नाहीं. नव्या मंडळींपैकीं कित्येक जण मात्र पहिलें पान पाहून उठतात, आणि दहा ओळी पाहून 'एकूण दहा कामें झालीं' असें सांगतात. यांत आश्चर्य नाहीं, कारण वर सांगितल्याप्रमाणें नवीं कामें वर येतात आणि तीं पाहिल्यावर समाधान होतें. जुनें अडलेलें काम मात्र अकराव्या ओळीवर बसलेलें असतें.

सगळ्या सेवांचा रिवाज सारखा असता तर बरें झालें असतें. तसा तो नाहीं. खुद्द ॲमेझॉनचीच 'कॉम्प्रिहेंड' नांवाची सेवा आहे. ती मजकूर वाचून त्यांतील भाव, नांवें, विषय इत्यादि ओळखते. तिच्या कामांच्या यादीस एका वेळीं एकच चाळणी लावतां येते: एक तर नांवाची, नाहीं तर स्थितीची, नाहीं तर काळाची. दुसरी अट आपली आपण मागाहून तपासावी. उलट गूगलच्या 'व्हर्टेक्स ए-आय' या २०२१ सालीं निघालेल्या सेवेंत चाळणी म्हणजे जणूं एक वाक्यच लिहावें लागतें. 'स्थिति अमुक आणि नांवाचा आरंभ तमुक', 'स्थिति अमुक नव्हे किंवा नांव तमुक', असें 'आणि', 'किंवा', 'नव्हे' लावून तें रचतां येतें. व्याकरण शिकविलेल्या मनुष्याला ही दुसरी रीत आवडावी हें स्वाभाविक आहे. पण माझी मुलगी म्हणते, "बाबा, वाक्य जितकें डौलदार तितकी त्यांत चूक लपायला जागा जास्त." तिचें म्हणणें खोडून काढणें मला जमलेलें नाहीं.

आतां ज्या प्रसंगामुळें मी या विषयांत शिरलों तो सांगतों. माझी मुलगी ज्या कचेरींत आहे तिचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं; मेघ कोणाचा होता हेंही गौण आहे. खेड्यापाड्यांतील नेत्रशिबिरांत मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांचीं छायाचित्रें घेतलीं जातात आणि तीं संध्याकाळपर्यंत या कचेरीच्या भांडारांत येऊन पडतात. रात्रीं दोन वाजतां प्रत्येक तालुक्याचें एक, असे घाणे निघतात. यंत्र प्रत्येक छायाचित्र पाहून 'तातडीनें बोलवा', 'सहा महिन्यांनीं पाहा', 'चिंता नाहीं' असें मत नोंदवितें. सकाळीं तीं मतें शिबिराच्या डॉक्टरांकडे जातात, आणि निर्णय अर्थातच डॉक्टर करतात.

रोज सकाळीं नऊ वाजतां कचेरींतील एक तरुण यादी मागवी. त्याची चाळणी अशी: आजची तारीख सुरू झाल्यानंतर निर्माण झालेलीं आणि फसलेलीं कामें. यादी रिकामी येई. रिकामी यादी म्हणजे एकही काम फसलेलें नाहीं, म्हणजे सर्व क्षेम. असे दोन महिने गेले.

दिवाळीनंतरच्या एका सकाळीं मराठवाड्यांतील एका तालुक्याच्या शिबिराच्या डॉक्टरांचा फोन आला. चार दिवस झाले, त्यांच्या ४३ रुग्णांचीं मतें आलीं नव्हतीं. तरुणानें आपल्या चारही दिवसांच्या याद्या काढून दाखविल्या. चारही रिकाम्या. त्याचा आवाज चढला, डॉक्टरांचाही चढला. शेवटीं माझ्या मुलीनें सर्व चाळण्या काढून टाकल्या आणि संपूर्ण यादी पानामागून पान मागविली. तिसऱ्या पानावर तें काम होतें, आणि त्यापुढें स्वच्छ लिहिलेलें होतें: फसलेलें.

मग तें चाळणींतून गळलें कसें? श्रोतेहो, याचें उत्तर भूगोलाच्या पुस्तकांत आहे. मेघांतील घड्याळें ग्रीनिचच्या प्रमाणवेळेनुसार चालतात, आणि आपली वेळ तिच्यापुढें साडेपांच तास असते. कोणत्या प्रदेशाची वेळ हें न सांगतां नुसती तारीख लिहिली तर हीं साधनें पुष्कळदां ती ग्रीनिचची समजतात. त्या तरुणानें १२ तारखेची मध्यरात्र लिहिली ती त्याच्या मनांत आपली मध्यरात्र होती. यंत्रानें ती ग्रीनिचची मध्यरात्र मानली, म्हणजे आपल्याकडील पहांटेचे साडेपांच. काम निघालें होतें रात्रीं दोन वाजतां. त्या वेळीं ग्रीनिचला ११ तारखेचे रात्रीचे साडेआठ झाले होते. म्हणजे यंत्राच्या दृष्टीनें तें काम 'आजचें' नव्हतेंच! आणि केवळ त्या दिवसाचें नव्हे. रोज रात्रीं दोनला निघणारें कोणतेंही काम त्या चाळणींत कधींच आलें नसतें. दोन महिने ती यादी रिकामी आली याचें कारण कामें बिनचूक होत होतीं हें नव्हे. चाळणीखालीं कधीं धान्यच पडलें नव्हतें.

"मग दोन महिने कोणाच्या लक्षांत कसें आलें नाहीं?" असें मीं मुलीला विचारलें. ती म्हणाली, "बाबा, यादी रिकामी आली कीं आम्हांला हायसें वाटे. हायसें वाटलेल्या गोष्टीची कोण चौकशी करतो?" त्या तरुणानें फसलेल्या कामांऐवजीं पूर्ण झालेलीं कामें मागितलीं असतीं तर पहिल्याच सकाळीं घोटाळा उघडकीस आला असता, कारण तेथें रिकामी यादी येणें अशक्य होतें. मी वर्गांत 'कोण गैरहजर आहे?' असें कधीं विचारलें नाहीं. गैरहजर मुलगा उत्तर देत नाहीं. मी एकेक नांव घेऊन 'हजर' ऐकत असें.

काम फसण्याचें कारण तर अगदींच क्षुल्लक होतें. खेड्यांतील दूरध्वनीची रेषा मध्येंच तुटल्यानें एक छायाचित्र अर्धवट पोंचलें होतें. अशा वेळीं पुष्कळ ठिकाणीं काय होतें तें सेजमेकरच्या नियमांत स्पष्ट केलेलें आहे: गठ्ठ्यांतील एक फाइल वाचतां आली नाहीं तर तिचें उत्तर निघत नाहीं, बाकीच्या फाइलींचें काम चालू राहतें, त्यांचीं उत्तरें उपयोगीं पडतात, परंतु सबंध कामावर मात्र 'फसलेलें' असाच शिक्का बसतो. येथेंही तसेंच झालें होतें. ४२ छायाचित्रांचीं मतें चार दिवस भांडारांत तयार पडून होतीं. तीं डॉक्टरांकडे पाठविणारी पुढील व्यवस्था फक्त 'पूर्ण' शिक्क्याचीं कामें उचलीत होती, म्हणून त्यांना कोणीं हात लावला नाहीं. परीक्षेला बसलेल्या ४३ मुलांपैकीं एकाची उत्तरपत्रिका फाटली म्हणून सबंध वर्गाचा निकाल राखून ठेवावा, तसाच हा प्रकार.

त्या ४२ मतांत दोन 'तातडीनें बोलवा' अशीं होतीं. एक बाई त्याच दिवशीं मिळाल्या. त्यांच्यावर लेसरचा उपचार झाला आणि दृष्टि टिकली, असें पुढें कळलें. दुसरे गृहस्थ ऊसतोडीसाठीं कुटुंबासह गांव सोडून गेले होते. शिबिरानंतर तिसऱ्या दिवशीं ते निघाले होते. मत वेळेवर पोंचतें तर ते घरींच भेटले असते. कोणत्या कारखान्याच्या कोणत्या टोळींत ते आहेत हें मुकादमांकडून शोधून काढावयास आणखी अकरा दिवस लागले. या अकरा दिवसांत त्यांच्या डोळ्याचें किती नुकसान झालें हें डॉक्टरांनाही सांगतां येईना. मुलगी मला हें सांगत होती तेव्हां तिचा चहा निवून गेला होता.

त्यानंतर कचेरींत जे बदल झाले ते अगदीं साधे आहेत, आणि कोणत्याही मेघांत ते लागू पडतील. वेळ लिहितांना आतां तिच्यापुढें 'अधिक साडेपांच तास' असें स्पष्ट लिहितात. कामांचीं नांवें ठेवण्याची एक रीत ठरली. पूर्वीं ज्याच्या मनास येई तें नांव तो देई. आतां प्रत्येक नांवांत शिबिर, तालुका आणि तारीख ठराविक क्रमानें येते. सेजमेकरांत नांवाला ६३ अक्षरांची मर्यादा आहे, त्यांत इंग्रजी अक्षरें, आंकडे आणि संयोगचिन्हें एवढींच चालतात, आणि एका खात्यांत व एका विभागांत तेंच नांव दुसऱ्यांदा देतां येत नाहीं. म्हणून तारीख घालणें तसेंही सोईचें. नांव नीट असलें म्हणजे नांवाची चाळणी काळाच्या चाळणीपेक्षां भरंवशाची ठरते, कारण नांवाला ग्रीनिच नसतें.

सर्वांत महत्त्वाचा बदल हजेरीचा. आदल्या संध्याकाळीं कोणकोणत्या तालुक्यांचीं छायाचित्रें आलीं याची एक यादी आधींच तयार होते. सकाळीं स्थितीची कोणतीही चाळणी न लावतां, शेवटचें टोकन संपेपर्यंत, रात्रीच्या सर्व कामांची यादी मागवितात आणि दोन्ही याद्या ओळीला ओळ लावून ताडून पाहतात. आलेल्या तालुक्याचें काम यादींत नसेल तर तें निघालेंच नाहीं. असेल पण 'पूर्ण' नसेल तर त्याचा सविस्तर वृत्तांत मागवावयाचा, त्यांत फसण्याचें कारण दिलेलें असतें. शिवाय कामाची स्थिति बदलली कीं मेघानें आपण होऊन निरोप धाडावा, अशीही व्यवस्था करतां येते आणि ती त्यांनीं केली आहे. तरीही सकाळची हजेरी त्यांनीं सोडलेली नाहीं. निरोप्याच आजारी पडला तर त्याचा निरोप कोण आणणार?

रविवारीं मुलगी घरून एक निराळीच यादी मागविते: 'चालू' स्थितींतील आणि चोवीस तासांपूर्वीं निर्माण झालेलीं कामें. यंत्र जितका वेळ अडकलेलें असेल तितका वेळ भाडें चढत असतें, आणि अर्ध्या तासाचें काम सबंध दिवस चालू दिसलें तर तेथें कांहीं तरी बिनसलेलें असतें. मध्यंतरीं तिला असें एक काम सांपडलें. शुक्रवारपासून तें तसेंच चालू होतें. जेवण अर्धवट टाकून तिनें तें थांबविलें. सोमवारीं त्या तरुणानें जुन्या संवयीनें 'फसलेलीं' कामें मागितलीं, आणि तीं शून्य आलीं म्हणून आनंदानें तिला सांगावयास गेला. तें काम त्या यादींत येणारच नव्हतें. त्याच्यावर शिक्का होता 'थांबविलेलें' असा.